गादीच्या दुकानातला दिवा

"ताई, दुकानाच्या विम्याची मुदत काल संपली," एजंट कुलथे फोनवर सांगत होते. "मालक गेले, आता वारसाचे कागद झाल्याशिवाय नवा विमा निघणार नाही. तोवर आगीबिगीपासून जपा."

"शटर बंदच आहे," मी म्हणाले आणि एकदम आतला दिवा आठवला. यांनी प्राण दुकानात सोडला, म्हणून दहाव्यापर्यंतचा दिवा सासूबाईंनी तिथंच ठेवायला लावला होता. पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी! सकाळी त्यात तेल घालून मीच कुलूप लावलं होतं.

मी अनवाणीच धावले. "अगं, झालं काय?" म्हणत सासूबाई मागे. मी घाईघाईनं कुलूप काढलं.

शटर वर गेलं तसा वारा आत घुसला. कापसाचा एक पुंजका उडाला, दिव्यावर पडून भपकन जळून गेला. फुंकर मारायला मी वाकले, पण धीर होईना. यांचा दिवा मी कसा विझवू?

सासूबाईंनी मला बाजूला सारलं.

"माझा लेक इथं उदबत्तीसुद्धा लावू द्यायचा नाही गं," म्हणत त्यांनी ज्योत चिमटीत धरली.

विझल्यावरही त्यांनी चिमूट सोडली नाही.