गारगोटी रुपया

पिराजीनं फडक्याची गाठ सोडली आणि सतरा गारगोटी रुपये टेबलावर ओतले. गणपतराव खुर्चीतून अर्धे उठले. बारा वर्षांत या जातीचे अवघे अकरा रुपये सापडले होते. अकराही पिराजीनं आणलेले, गणपतरावांनी पारखलेले आणि नाणेसंग्राहक मंडळाच्या सभासदांनी हातोहात घेतलेले.

ही जात ओळखली होती गणपतरावांनीच. मराठेशाहीतले चांदीचे रुपये त्यांनी जन्मभर भिंगाखाली धरले होते, पण हा रुपया निराळा होता. काळपट अंग, पसरलेली फारसी अक्षरं, आत वळलेली कड आणि वर बारीक फोड. पिराजी गारगोटी गावचा, म्हणून त्या बाजूला एखादी विसरली गेलेली टांकसाळ असावी, असं त्यांनी आपल्या छोट्याशा पुस्तकात भीतभीत लिहिलं. 'असावी' हा शब्द पुढं लोकांनीच गाळला. चौतीस वर्षं लायब्ररीत दुसऱ्यांची पुस्तकं लावण्यात गेली. स्वतःच्या नावावर एवढी एकच गोष्ट होती. त्याच संध्याकाळी मंडळ त्यासाठी त्यांना शाल देणार होतं.

हे रुपये येतात कुठून, हे त्यांनी पिराजीला कधी विचारलं नव्हतं. एक तर स्वभाव भिडस्त. शिवाय विचारलं आणि माणूस यायचाच बंद झाला तर? आज सतरा बघून प्रश्न तोंडातून निसटला.

पिराजीनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. काही घरांत मढ्याच्या तोंडात देव्हाऱ्यातला जुना रुपया ठेवतात. सरणात तो भाजतो. सावडल्यावर राखेबरोबर नदीत जातो. पाणी उतरलं की पिराजी काठचा गाळ चाळतो.

"पण एकदम सतरा?"

"तुमी पुस्तकात घातल्यापास्नं गिऱ्हाईक लई झालंय, सर. मढी किती पुरणार? म्हणून शिरोळला मेव्हण्याचं गुऱ्हाळ हाय, तितं चुलवाणाच्या जाळात बाजारातलं साधं जुनं चांदीचं रुपयं भाजून घेतलं. सेम उतरत्यात."

आधीच्या अकरातही असे होते का, असं गणपतरावांनी विचारलं. चार-पाच असतील, पिराजी म्हणाला. कुठले ते त्यालाही सांगता येईना. एकाच फडक्यात बांधून आणलेले.

एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात पेन असलं की नाणं ओठांत धरायचं, ही गणपतरावांची जुनी खोड. ते मोरीत धावले. चूळ भरली, पुन्हा भरली, साबणानं ओठ चोळले. दारातून पिराजी धीर देत होता, नदीच्या पाण्यानं सगळं शुद्ध होतंय म्हणत होता. जिभेवरची चव जाईना.

मढ्यांची किळस हळूहळू ओसरली. ती बिचारी निर्दोष होती. स्वतःची मात्र ओसरेना. चांदी जाळात पडली की कशी होते, हे गुजरीतल्या कुठल्याही सोनारानं चहा पिता पिता सांगितलं असतं. बारा वर्षांत त्यांनी एकालाही विचारलं नव्हतं. विचारायचंच नव्हतं त्यांना.

संध्याकाळी हॉलवर जाताना ते वाटभर वाक्यं जुळवत गेले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. अध्यक्ष विजयसिंह शाल घेऊन पुढं आले, तेव्हा त्यांनी ती हातानंच थांबवली.

"ही टांकसाळ नव्हतीच. मढ्याच्या तोंडात घातलेले, सरणात भाजलेले रुपये आहेत हे. यातले चार-पाच तर गुऱ्हाळाच्या चुलवाणात भाजलेले आहेत. चूक माझी आहे."

वड्याची ताटली फिरवणारा होता तिथंच थबकला. स्नेहलताईंनी आपल्या रुपयाला कडी लावून तो गळ्यात घातला होता. त्यांचा हात गळ्याशी गेला. मागच्या रांगेत कुणीतरी बोटं रुमालाला पुसली. गणपतरावांना बऱ्याच वर्षांनी मोकळं वाटलं. आता हे लोक संतापतील, रुपये तोंडावर फेकतील, नावं ठेवतील. ठेवावीतच. उभ्या जन्मात त्यांनी एवढी एकच गोष्ट धीटपणे केली होती, आणि तिची शिक्षा त्यांना हवी होती.

कुणी काही फेकलं नाही. कुजबुज सुरू झाली. स्नेहलताईंनी रुपया गळ्यातून काढला नाही. नुसता उलटा करून पाहिला. रुमालवाल्या गृहस्थांनी शेजाऱ्याला हळूच काहीतरी विचारलं आणि दोघेही आपापल्या पिशव्यांत हात घालू लागले. विजयसिंहांनी शाल खुर्चीवर ठेवली. अल्बम उघडला, प्लॅस्टिकच्या कप्प्यांतून आपले पाच रुपये काढले, एकेक उजेडात धरला. एक नाकाशी नेऊन हुंगला. मग पाचही तळहातावर मांडून ते गणपतरावांसमोर आले. त्यांच्यामागं रांग लागली होती.

"सर," ते अदबीनं म्हणाले, "यातले खरे मढ्याचे कुठले आणि गुऱ्हाळातले कुठले, तेवढं ओळखून द्या की."