डावं मागचं दार

म्हाताऱ्याला अख्खी गाडी करायची नव्हती. फक्त डावं मागचं दार, तेही नमुना म्हणून आणि फुकट.

पॉलिशवाल्याच्या कपाळावर आठी चढली. सकाळीच बायकोनं निक्षून सांगितलं होतं की शनिवारपर्यंत एक तरी मोठं काम मिळालं नाही, तर दुकानाला कुलूप आणि सोमवारपासून तिच्या भावाच्या टायरच्या गोदामात नोकरी. मेहुण्याच्या हाताखाली राबायची त्याची मुळीच तयारी नव्हती. म्हणून त्यानं मुकाट्यानं मशीन उचललं.

गाडी काळी, उन्हानं विटलेली, अंगभर ओरखडे. इतर दुकानवाले मेणचट पॉलिश थापून ओरखडे बुजवत आणि दहा मिनिटांत हात झटकत. याला ती लबाडी जमत नसे. त्यानं कडांना चिकटपट्टी लावली, आधी जाड आणि मग बारीक कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, घेऊन मशीन फिरवत ओरखडे मुळापासून काढले. दीड तास मोडला. म्हातारा स्टुलावर बसून वहीत काहीबाही टिपत होता आणि दर दोन मिनिटांनी शंका काढत होता. डोक्याला नुसता ताप.

ओली गाडी कुठलीही चमकते, तिच्यावर विश्वास ठेवू नका, असं नेहमीप्रमाणे बजावून त्यानं दार कोरडं पुसलं. त्यात म्हाताऱ्याच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसत होती.

"विचार करून सांगतो," म्हातारा म्हणाला आणि चालता झाला. असे विचार करणारे पॉलिशवाल्यानं ढिगानं पाहिले होते.

शनिवारी दुपारी स्वारी पुन्हा हजर. गाडी नुकतीच धुतलेली, पाणी निथळत होतं. आणि बोनेट, डिकी, चारही दारं, सगळं झळकत होतं. पॉलिशवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या पठ्ठ्यानं दुकानोदुकानी एकेक भाग नमुना म्हणून करून घेतला होता.

"आणखी कुठं कुठं गेला होतात?"

"पाच ठिकाणी," म्हातारा शांतपणे म्हणाला. "तुमच्या दाराबद्दलच बोलायचं होतं."

"आता छत राहिलं असेल."

"आधी ऐकून तर घ्या."

पॉलिशवाला काय ऐकतोय. वर्षभरात जितक्यांनी फुकट राबवून घेतलं होतं त्या सगळ्यांचा राग त्यानं एकट्या म्हाताऱ्यावर काढला. लाज, वय, शिक्षण, काही म्हणून सोडलं नाही. म्हाताऱ्यानं वही खिशात घातली आणि गाडी वळवून निघून गेला.

पॉलिशवाल्याला फार बरं वाटलं. मेहुण्याकडे जायचंच तर निदान ताठ मानेनं. तासाभरानं, धंद्यातल्या इतरांनाही सावध करावं म्हणून त्यानं चौकातल्या जाड्याला फोन लावला. दोघांनी मशीन धरायला एकाच दुकानात सुरुवात केली होती.

जाड्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आत्ताच इथून गेला तो," मग तो म्हणाला. "टॅक्सी कंपनीचा माणूस आहे. सगळ्यांचे नमुने त्यानं तीन-तीनदा धुऊन, वाळवून पाहिले. ओरखडे परत वर आले नाहीत ते एकट्या तुझ्या दारावर. साठ गाड्या तुला द्यायला आला होता. तू हाकललंस, म्हणून मला दिल्या, माझा नमुना त्यातल्या त्यात बरा होता. पण मला तसं दार कुठं जमतंय? सोमवारपासून माझ्याकडे कामाला ये."