एकोणीस टोप्या

टोप्या एकोणीस होत्या आणि माणसं अठरा.

हे दीपगृहापाशी, म्हणजे त्या दिवसाच्या सातव्या प्रेक्षणीय स्थळी, लक्षात आलं. सगळे उतरले तरी शेवटून दुसऱ्या सीटवर एक पिवळी टोपी ताठ बसून होती. गाईडने जवळ जाऊन पाहिलं. टोपी सीटच्या पाठीला अडकवलेली होती. खाली कोणी नव्हतं.

"तुमच्या आई कुठायत?" त्याने त्या सीटवरच्या आजींच्या पन्नाशीच्या मुलाला विचारलं.

"आई मागे आहे ना." मुलगा बसमध्ये चढला, मागेपर्यंत गेला आणि वाकून सीटखालीसुद्धा पाहून आला. आई म्हणजे जशी काही घरंगळलेली पाण्याची बाटली.

"निघताना तुम्हीच म्हणालात, आहे म्हणून."

"टोपी दिसली होती."

गाईडलाही टोपीच दिसली होती. डोकी मोजायची नाहीत, हा त्याचा बारा वर्षांचा नियम. डोकी डुलक्या घेतात, चपला शोधायला वाकतात, शेजारच्याच्या खांद्यावर कलतात. टोप्या दारातून एका नजरेत मोजून होतात. म्हणूनच सकाळी कंपनीची टोपी घालताना तो प्रत्येकाला बजावत असे, टोपी काढू नका, हरवाल.

"घाटात म्हणाल्या होत्या, कानाला टोचते," सून म्हणाली. "मी म्हटलं, मग काढा."

आधीचं ठिकाण म्हणजे कड्याचं टोक. डोंगर आणि समुद्र एकाच नजरेत मावतात ती जागा. वर जायला चाळीस मिनिटं, सगळी वळणांची.

"बस फिरवा," मुलगा म्हणाला.

ड्रायव्हरने गाईडकडे पाहिलं, गाईडने मंडळींकडे आणि मंडळींनी दीपगृहाकडे.

"आम्हाला काय काळजी नाही होय?" पहिल्या सीटवरचे काका म्हणाले. "पण हे पाचला बंद होतं. मग खाडीतली बोटही गेली. दोन ठिकाणं बुडाली म्हणजे सांगा तुम्हीच."

"म्हातारं माणूस कुठे जाणार हो," काकू म्हणाल्या. "जिथे ठेवाल तिथे राहतं."

काका तिकिटांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. कुणीतरी आधी रांग धरायला हवीच होती.

गाईडने कड्यावरच्या दुर्बीणवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दुर्बीणवाला आज निवांत होता.

"धुकं चढलंय राव. मला माझी दुर्बीण दिसेना, म्हातारी कुठून दिसणार? पिवळी टोपी आहे ना डोक्याला?"

"टोपी इथे आहे."

"आणि म्हातारी इकडे! वा रे गाईड! बरं, कपडे कुठल्या रंगाचे?"

गाईडने मुलाकडे पाहिलं. मुलाने बायकोकडे. बायकोने नवऱ्याकडे.

"फिकट काहीतरी," मुलगा म्हणाला. "फोटोत असेल, थांबा."

सकाळपासून त्याने त्रेसष्ट फोटो काढले होते. धबधबा. धबधब्यापुढे बायको. किल्ल्याचा तट, तटापुढे बायको. गुहेतली कोरलेली माणसं, नाकं नसलेली, तरी रांगेत सगळी. एका फोटोत कडेला एक कोपर आलं होतं. त्याने बोटांनी ते मोठं केलं. कोपर मोठं झालं, रंग काही कळेना.

शेवटचा फोटो कड्यावरचा होता, धुकं येण्याआधीचा. डोंगराच्या सहा रांगा आणि पुढे क्षितिजापर्यंत समुद्र. माणूस एक नाही.

सून फोटोकडे बघत राहिली. "अहो, हा काढताना तुम्ही त्यांना काहीतरी म्हणालात."

"बाजूला हो म्हणालो. मधे येत होती."

"मग पुढे ये म्हणालात?"

मुलगा फोटो पुन्हा मोठा करून बघू लागला.

"त्यांचं हल्ली माहितीय ना तुम्हाला? दुसरं सांगेपर्यंत पहिलंच धरून बसतात. परवा दूध बघा म्हटलं, तर उतू गेलं तरी बघतच होत्या." तिला रडू आवरेना.

"कुठल्या बाजूला झाल्या?" फोनमधून दुर्बीणवाल्याने विचारलं. आता त्याच्या आवाजात मस्करी नव्हती.

मुलाने फोटो डोळ्यांजवळ नेला. "डावीकडे."

"डावीकडे कठडा संपतो, साहेब."

मग नुसती पावलं ऐकू येत राहिली. खडीवरची, मग गवतातली. मुलाने बसचं दार धरलं होतं. "पळा ना हो," तो फोनला म्हणाला, "पाया पडतो, पळा." दुर्बीणवाला म्हणाला, इथे पळायचं नसतं.

तेवढ्यात काका आले. "सापडल्या का? आम्ही तोवर वर जाऊन येतो. एकोणीसचीच काढलीत हं तिकिटं, कुणाला वगळलेलं नाही."



फोनमधली पावलं थांबली.

"आहेत," दुर्बीणवाला अगदी हळू म्हणाला. "कठड्याच्या पलीकडे आहेत, कडेला. कुणी ओरडू नका. माझ्याकडे पाठ आहे. आजी... आजी, हलू नका हं."

लांबून एक बारीक, समजूतदार आवाज आला. शब्द कळले नाहीत.

"काय म्हणाली?" मुलाने विचारलं. "काय म्हणतेय ती?"



"मला तुम्हीच समजतायत," दुर्बीणवाला म्हणाला. "विचारतायत, आता फोटोत सगळा समुद्र येतो का, की अजून सरकू?"