मेमरी बसवल्यापासून

"हळू बोला," दार उघडणारी बाई कुजबुजली. "आणि चपला आत घ्या. बाहेर दिसायला नकोत."

दुरुस्तीवालीनं चपला हातात घेतल्या आणि आत आली. दुकानाच्या काकांनी एवढंच सांगितलं होतं की मागच्या आठवड्यात नवी मेमरी बसवलेलं मशीन हळू झालंय, आणि बाईमाणूसच पाठवा म्हणतायत. काकांचं नेहमीचंच होतं. अर्धं सांगायचं आणि अर्धं पानाबरोबर चघळून टाकायचं.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता, तोंड आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडे. बाई त्याच्यासमोर काही येईना. भिंतीला चिकटूनच बोलत होती.

"मेमरी वाढवली की जोरात चालतो ना? याची तर गोगलगाय झालीय. काहीतरी गडबड आहे यात."

दुरुस्तीवालीनं कॉम्प्युटरचा डबा उघडला. मेमरीची नवी पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली. मग जुनी एकटी लावून पाहिली, मग नवी एकटी. दोन्ही ठणठणीत. जिन्यात पाऊल वाजलं की बाई दचकायची, आणि तिच्याबरोबर हीसुद्धा. एकदा तर स्क्रू हातातून निसटून कपाटाखाली गेला.

"कोणी येणार आहे का?"

"नवरा." बाई मनगट चोळत होती. "तुम्ही आल्याचं कळलं तर माझी धडगत नाही."

आतून कोणीतरी कण्हलं. पलंगावर एक म्हातारी पडून होती. तिनं हात उचलायची धडपड केली. दंडावर निळा वळ होता.

"सासूबाई," बाई म्हणाली. "वाचा गेलीय बिचारीची. त्यांच्यावरही हात उचलतो तो."

दुरुस्तीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती मात्र होती तिथंच राहिली. तिनं मशीन चालू केलं आणि आत काय काय चाललंय ते तपासलं. कुठला तरी अनोळखी प्रोग्राम मेमरी नुसती गिळत होता. जितकी द्यावी तितकी त्याला कमीच.

"ताई, मेमरीचा दोष नाही. त्याच दिवशी यात दुसरं काहीतरी बसवलंय. हा स्क्रीनच्या वरचा कॅमेरा सतत चालू आहे. आवाज जात नाही, पण इथलं चित्र कुणाला तरी लांबून दिसतंय."

तिनं ते चित्र उघडलं. त्यात तिचा स्वतःचा घाबरलेला चेहरा होता, आणि त्यामागे दारातून दिसणारा म्हातारीचा पलंग. आजारी माणसालाही सोडत नाही मेला, तिच्या मनात आलं.

"कुणाला दिसतंय?"

"ज्यानं मेमरी बसवून घेतली, त्यालाच असणार."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "काढून टाका. आत्ताच्या आत्ता. परत चालू होता कामा नये."

आत म्हातारी पलंगाच्या दांडीवर हात आपटू लागली. ठक, ठक, ठक.

"घाबरल्यात," बाई म्हणाली. "लवकर करा."

दुरुस्तीवालीनं माउस हातात घेतला. घरात आणखी दोन जीव टांगणीला आहेत म्हटल्यावर तिनं मागचापुढचा विचार केला नाही. प्रोग्राम मुळासकट काढला. कॅमेऱ्याची वायर ओढली आणि तो बाईच्या हातात ठेवला. मशीन वाऱ्यासारखं पळू लागलं.

आतला आवाज थांबला होता.

"तुमचे उपकार विसरणार नाही," बाई म्हणाली. आता ती बिनधास्त कॉम्प्युटरसमोर आली. जाताना चहाचंही विचारलं नाही, पण अशा वेळी कुणाला सुचणार?

दुरुस्तीवाली जीव मुठीत धरून जिना उतरली. वर दाराला आतून कडी लागली, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं. एका बाईला तरी आज आपण सोडवलं.

फाटकापाशी फोन वाजला. काका होते.

"अगं, तिथंच आहेस ना? मघाशी सांगायचं राहिलंच. ज्या मुलीनं माझ्याकडून मेमरी बसवून घेतली, तिचा परदेशातून फोन आलाय. आईचं चित्र दिसेनासं झालंय म्हणून रडतेय नुसती. परत वर जा. आणि ती सांभाळायला ठेवलेली बाई दार उघडत नसली, तर तोडून आत शीर."