छतावरचा निळा ठिपका

"आई, लाटकर काकूंची एकवीस घरं झाली आणि आपली वीसच!" केतकीने जनगणनेचा नकाशा आईच्या तोंडासमोर नाचवला.

जनगणना आता रोजच व्हायची. कुठल्या घरात कुणाच्या हातची कोथिंबीर वडी खातात, ते छतावरच्या ठिपक्यावरून अख्ख्या गावाला दिसायचं. आईची घरं पिवळी, काकूंची निळी. गल्लीत वडीचं दुकान एकच राहणार होतं. आज संध्याकाळी सहाला ज्याची घरं जास्त, त्याचं.

केतकीचा नुसता जळफळाट चालला होता. परवा-परवा आलेली बाई, काय एवढं सोनं लागलंय तिच्या वडीला? फितूर कोण ते शोधायला तिने नकाशा मोठा केला. रंगारी निळे, पोफळे निळे आणि एक निळा ठिपका चक्क त्यांच्याच छतावर!

"आई, नकाशा चुकलाय!"

उंडे वळता वळता आई थांबली. "चुकला नाहीये. तू शाळेत असतेस तेव्हा मी आणते चार वड्या. चौदा वर्षं स्वतःच्याच हातचं खातेय गं. कधीतरी दुसऱ्या कुणी केलेलं खावंसं वाटतं."

"अगं, पण दुकान जाईल आपलं!"

"आधी खाऊन बघ, मग भांड." आईने डबा पुढे सरकवला.

खोड काढायचीच, असं ठरवून केतकीने एक वडी तोंडात टाकली. खोड काही सापडेना. तिला काकूंचा इतका हेवा वाटला, इतका, की तिने दुसरी उचलली.

सहाला पाच मिनिटं होती. त्यांच्या घराचा ठिपका आणखी गडद निळा झाला.