मडमचं मूळ-कूळ

मागावर लुगडी विणणारी ठकूबाई साळीण गिऱ्हाइकाचं मूळ-कूळ विचारल्याशिवाय घडी उलगडत नसे. सत्तेचाळीस साली मिशन दवाखान्यातली नर्स मिस रेनी कायमची स्कॉटलंडला निघाली. आठवण म्हणून एक लुगडं न्यावं, म्हणून संगमनेरात ठकूबाईच्या दारी आली, तर तिचीही सुटका झाली नाही.

“मडम, वडील कलेक्टर असतील न्हवं?”

“नाही हो. कापडगिरणीत कामगार होते. आजोबा हातमागावर बसायचे, आजी सुताच्या कांड्या भरायची.”

“कायबी सांगताय! गोरं मानूस कुटं मागावर बसतंय व्हय?” ठकूबाईनं मागावरचा एक धागा मुद्दाम तोडला. “जोडा बगू.”

मिस रेनीनं क्षणात गाठ मारली. ठकूबाईनं ओढून पाहिली, तर गाठ जागची हलेना.

“आजीनं शिकवली,” मिस रेनी हसली.

“मंग तिकडं आता हाय कोन तुमचं?”

“कुणीच नाही.”

ठकूबाईनं पेटीच्या तळातलं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि मडमच्या फ्रॉकच्याच ओटीत घातलं. मिस रेनीनं पर्स उघडली, तशी तिच्या हातावर चापट बसली.

“साळ्याची लेक ना गं तू? माहेरात कुनी लुगडं इकत घेतं व्हय?”