काचेमागचं ऊन

आईने गॅलरीचं काचेचं दार ओढून घेतलं आणि आतून कडी लावली. बाहेर खुर्चीवर तिची नणंद बसली होती. अकराचं ऊन थेट तोंडावर, डोक्यावर साधा रुमालही नाही.

"अगं, आज कशाला? पोरीचं प्लास्टर निघालं ना!" नणंदेने काचेवर बोटं वाजवली.

"अर्धा तास, वन्सं. रोजच्यासारखा," आई गोड हसून म्हणाली.

दीड महिना हा नेम चालू होता. त्याआधीचा दीड महिना आई कामावर जायची आणि आत्या नडगीचं हाड मोडलेल्या भाचीला सांभाळायची. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: ड जीवनसत्त्व फार कमी आहे, थेंब द्या, रोज उन्हात बसवा, नाहीतर हाड लवकर सांधायचं नाही. आईने विचारलं की वन्सं छातीठोकपणे सांगायच्या, "बसवते की रोज!" बसवायच्या, पण बंद काचेच्या आत, वर पडदा ओढून. पोर काळी पडेल म्हणून. थेंबांची बाटली तर कपाटात सीलबंद सापडली. उष्ण पडतात म्हणे!

नडगीतली फट दुसऱ्या एक्स-रेतही तशीच दिसली, तेव्हा हे सगळं बाहेर आलं. पुन्हा प्लास्टर. सहा वर्षांची पोर रडलीसुद्धा नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते आई विसरली नव्हती. रजा टाकून थेंब तिने आपल्या हातात घेतले आणि पोरीला घेऊन उन्हात बसायचं काम वन्संनाच लावलं. गोरेपणाचा तोरा मिरवणाऱ्या वन्सं दिवसागणिक करपत गेल्या, तसा आईच्या जिवाला गारवा मिळत गेला.

आज हाड सांधलं होतं.

पोर पलंगावरून उतरली. भिंत धरत, बारीक झालेला पाय जपून टेकत काचेपर्यंत आली. तीन महिन्यांतलं तिचं हे पहिलं चालणं. बाहेर आत्याचे डोळे भरून आले.

"ये गं माझी बाय ती! काढ कडी."

पोरीने कडीला हात लावला नाही. तिने पडद्याचं टोक धरलं आणि लंगडत लंगडत पार दुसऱ्या भिंतीपर्यंत ओढत नेलं.

"आत्या काळी पडेल ना," ती म्हणाली, आणि अगदी आईसारखी हसली.